दाराला बसवलेला भोंगा

आत्याबाई तिसऱ्यांदा रस्त्यावर सापडल्या आणि त्याच दिवशी पुण्याहून धाकट्या दिराचा फोन आला. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या घरात सासूला आत्याबाईच म्हणतात. दिरानं कशा आहात, काय आहात, काही विचारलं न्हाई. म्हणाला, "वहिनी, आता बास झालं. दोन आठवड्यांनी मला सुट्टी हाय. गाडी घेऊन येतो आन् आईला इकडं घेऊन जातो."

त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार न्हाई. आमचं घर वडीगोद्रीच्या अलीकडं, हायवेला लागून. पुढं आमच्या ह्यांचं मोटारी भरायचं दुकान. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती घेऊन येतात आणि हे तिच्यात नवी तांब्याची तार भरून देतात. दुकानाच्या बाजूनं बोळ, आणि बोळीच्या टोकाला घर. रस्ता चौपदरी. उसाच्या दिवसांत त्याच्यावर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर पळतात, मागं लाइट न्हाई, पुढं गाणी फुल. घराच्या मागं थोडं चाललं की कॅनॉल. पुढं रस्ता, मागं पाणी आणि मधी आत्याबाई. सकाळी जेवल्याचं त्यांना दुपारी आठवायचं न्हाई, पाय मात्र तरण्या पोरीचे.

त्यांच्यापायी मी शेतात जायचं सोडलं होतं. रस्त्यापलीकडचं आमचं रान दुसऱ्याला बटईनं कसायला दिलं आणि घरी बसले. तरी माणूस अंघोळीला जातं, भाकरी थापतं, क्षणभर डोळा लागतो. तेवढ्यात त्या बाहेर. आणि नेहमी दिवे लागायच्या वेळेलाच.

पुण्याला त्या आधी एकदा जाऊन आल्त्या. फ्लॅट उंचावर. तिथं त्यांनी जेवण सोडलं. बाल्कनीच्या जाळीला धरून दिवसभर म्हणायच्या, मला खाली उतरवा. परत आणल्या तेव्हा नुसता हाडांचा सापळा राहिला होता. आता पुन्हा गेल्या तर परत यायच्या न्हाईत, हे मला कळत होतं आणि दिरालाही कळत होतं. तो बोलत नव्हता आणि मी बोलत होते, म्हणून घरात भांडखोर कोण, तर मी.

आमच्या ह्यांचा उपाय सोपा होता. बाहेरून कुलूप. एका दुपारी त्यांनी लावूनही पाहिलं. मागच्या दाराला वरची कडी होती, आत्याबाईंचा हात तिथवर जायचा न्हाई आणि त्या दाराकडं त्या बघायच्याही न्हाईत. पण पुढचं दार बंद म्हटल्यावर त्यांनी दोन्ही तळहातांनी दाराच्या पत्र्यावर मारायला सुरुवात केली. मी दळण घेऊन आले तर बोळीत आवाज घुमत होता. दार उघडलं, त्यांचे तळवे सुजून लाल झाले होते. त्या दिवशी मी ह्यांना म्हणाले, "कुलूप लावायचं तर आधी मला लावा. मंग तुमच्या आईला."

म्हणून फोनवर माझ्या तोंडून निघून गेलं, "मी मशीन बसवते दाराला. दार उघडलं की वरडतं."

मी हे कुठं पाहिलं होतं? मोबाइलवर. शेवग्याच्या भाजीचा व्हिडिओ बघता बघता मधीच आलं होतं. दीर हसला. "वहिनी, तुम्हाला साधा फोटो पाठवता येत न्हाई. तुम्ही मशीन बसवणार?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. म्हणाले, "तू यायच्या आत बसवून दाखवते. बसलं, चाललं, तर आई इथंच राहतील. बोल, हाय कबूल?"

"कबूल," म्हणाला. त्याला वाटलं असेल, बाई आहे, बोलते आहे, बोलू द्या.

आमचे हे तार आणायला जालन्याला गेले तेव्हा मी चिठ्ठी दिली, आणि चिठ्ठीवर भरवसा न्हाई म्हणून मोबाइलच्या दुकानदाराशी फोनवर स्वतः बोलले. संध्याकाळी तारेच्या बंडलासोबत खोकं आलं. आत दोन बोटांएवढे दोन पांढरे तुकडे, एक दाराला लावायचा, एक चौकटीला. एक भोंगा. आणि एक डोळा, म्हणजे कॅमेरा. ह्यांनी तो तुकडा उलटापालटा केला.

"ह्याला वायर कुठंय?"

"न्हाई वायर."

"मंग करंट?"

"सेल हाय आत."

"आन् हे भोंग्याला सांगणार कशानं?"

"वाय-फायनं."

आयुष्यभर मोटारी भरलेला माणूस. तार दिसत न्हाई तिथं काम न्हाई, असा त्यांचा हिशेब. त्यांनी ते पालीला हात लागावा तसं खाली ठेवलं आणि म्हणाले, "तुझं तू बघ बाई. ह्यात माझं डोकं न्हाई."

माझं कुठं होतं? मी दहावी झालेली, शाळा सोडून जमाना झाला. खोक्यातला कागद इंग्रजीत. मोबाइलमध्ये ॲप घेतलं, तर त्याचे प्रश्न संपेनात. ईमेल सांगा. पासवर्ड सांगा. पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर पायजे, एक आकडा पायजे, एक चिन्ह पायजे. अरे बाबा, तुला पोरगी द्यायची का मला? सगळं भरलं. मंग म्हणे तुकड्याचं बटण दाबून धरा, लाइट लुकलुकली पायजे. लुकलुकली. मला इतका आनंद झाला की मी आत्याबाईंना हाक मारून दाखवली. त्या म्हणाल्या, "काजवा हाय का?" मी म्हणाले, "हो, आपला काजवा हाय." मंग मोबाइलवर गोल गोल चक्र फिरायला लागलं, फिरलं, फिरलं आणि म्हणालं, जोडता आलं न्हाई.

पुन्हा केलं. जोडता आलं न्हाई. पुन्हा. जोडता आलं न्हाई. मी बटण इतकं दाबलं की नख दुखायला लागलं. बोळीतून ह्यांची टकटक ऐकू यायची, समोर आत्याबाई दाराकडं तोंड करून बसलेल्या, आणि ते चक्र. एकेक दिवस हातातून जात होता. रात्री पडले तरी डोळ्यांपुढं चक्रच फिरायचं, आणि चक्राच्या मागं दिराची गाडी.

एका हिंदी बोलणाऱ्या बाईच्या व्हिडिओत उलगडा झाला. दुकानातला वाय-फायचा डबा दोन नावं दाखवायचा, एक साधं आणि एक पुढं पाच लिहिलेलं. मी पाचवालं घेत होते. पाच म्हणजे जास्तच चांगलं असणार, एवढं तर कुणालाही वाटेल. पण असल्या बारक्या वस्तूंना ते झेपत न्हाई म्हणे, त्यांना साधंच लागतं. साधं घेतलं आणि चक्र पूर्ण फिरलं. जोडलं गेलं! मी एकटीच ओरडले, "जमलं गं बाई!" आत्याबाईंनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते त्यांना माहीत नव्हतं, पण मी खूश होते तर त्याही खूश.

मंग दारानं दगा दिला. आमचं दार लोखंडी. तुकड्यात लोहचुंबक असतं, ते लोखंडाला लावलं की त्याचं डोकं फिरतं. दार बंद असलं तरी ॲप म्हणायचं उघडं आहे, उघडं असलं तरी म्हणायचं उघडं आहे. हे मात्र आमच्या ह्यांना बराबर कळलं. चुंबक हा त्यांच्याच बिरादरीतला. दुकानातून लाकडी पट्टी आणली, तासली, दाराला चिकटवली आणि तुकडा पट्टीवर बसवला. कॅमेरा बोळीच्या भिंतीला, दाराकडं तोंड करून लावला. दार उघडलं तसा भोंगा असा किंचाळला की शेजारचा पंक्चरवाला चाचा हातात पाना घेऊन पळत आला. "क्या हुआ भाबी? चोर?"

"चोर न्हाई चाचा. मशीन."

चाचानं तो भोंगा खालून-वरून पाहिला आणि म्हणाला, "अम्मा के वास्ते? बहोत अच्छा किया." तेवढ्या शब्दांनीसुद्धा मला भरून आलं.

तरी पीडा संपली नव्हती. रोज दुपारी भोंगा गप्प व्हायचा. ॲपवर लिहून यायचं, यंत्र संपर्कात न्हाई. मी सेल बदलले, पुन्हा जोडलं, शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. माझ्या मनात नको नको ते यायला लागलं. शेवटी एका दुपारी हे जेवायला बसले आणि मी सहज विचारलं, "दुकानाचं मेन बटण बंद केलं का?"

"मंग? चालू ठेवून जेवायला येऊ? उघड्या तारा पडल्यात तिथं."

मोटारीवाल्याची सवय. जेवायला उठला, मेन पाडलं. आणि वाय-फायचा डबा दुकानाच्याच लाइनीवर! मी ताटावरून उठवलं त्यांना. त्याच दुपारी डबा घरात, इन्व्हर्टरवर आणून लावला. ते पुटपुटत होते, "जेवू तरी दे," पण वायर मात्र त्यांनीच ओढली.

आता खरी गोष्ट सांगते, तिन्हीसांजेची.

आमच्याकडं दिवा लावायच्या वेळेला पुढचं दार लावत न्हाईत. लक्ष्मी यायची वेळ असते. मी लग्न होऊन आले तेव्हा आत्याबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "दुसरं काही विसरलीस तर चालंल, तिन्हीसांजेला दार लावू नको." स्वतः दिवा लावून त्या उंबऱ्याशी उभ्या राहायच्या, रस्त्याकडं बघत. सगळं विसरल्या, हे विसरल्या न्हाईत. अंधारायला लागलं की उठून दार उघडायला जायच्याच.

आणि आता दार उघडलं की भोंगा. देवापुढं दिवा लावायचा आणि डोक्यावर ते किंचाळणं. आत्याबाई कान झाकून खाली बसायच्या, थरथरायच्या, रडायच्या. "कोण मेलं? कोण मेलं गं?" रोज. दुकानात आलेली माणसं बोळीत डोकावायची. हे म्हणाले, "लक्ष्मी काय, भूतसुद्धा यायचं न्हाई ह्या आवाजाला. दिव्याच्या टायमाला तरी बंद कर ते."

ॲपमध्ये तशी सोय असते, हे मी शोधून काढलं. वेळ ठरवून द्यायची, की भोंगा आपोआप गप्प आणि नंतर आपोआप चालू. त्यात घड्याळाची वेळ होती आणि 'सूर्यास्त' पण होता. मला केवढं कौतुक वाटलं! यंत्राला तिन्हीसांज कळते. मी सूर्यास्त निवडला, पुढं अर्धा घंटा भोंगा बंद. तेवढा वेळ मी स्वतः आत्याबाईंचा हात धरून उंबऱ्यात बसणार. बसतही होते. दिवा, उघडं दार, त्या आणि मी. अंधार पडला की दार लावायचं, भोंगा चालू. ह्यात काय चुकलं ते मला आजही कुणी समजावून सांगावं.

दीर यायच्या दोन दिवस आधी त्याचा फोन आला, नेमका त्याच वेळेला. हे एका विहिरीवर मोटार सोडायला गेले होते. मी उंबऱ्यात बसले होते, आत्याबाई शेजारी.

"झालं का वहिनी तुमचं मशीन?"

"झालं. दार, भोंगा, कॅमेरा, सगळं चालू हाय."

"मंग मला पण जोडा की त्याच्यात. मला इथून दिसू द्या, मंग मी मानतो."

मला सांगा, इतके दिवस ज्यानं हसून घेतलं तो माणूस स्वतः म्हणतो मला दाखवा. मी कशाला सोडते! पण बोळीत रेंज खाली-वर होत होती. म्हणाले, "थांब, आत येते, डब्याजवळ." आत्याबाईंना म्हणाले, "बसा हं, आलेच." त्या दिव्याकडं बघत होत्या.

आत गेले. तो सांगत होता, हे दाबा, ते दाबा, माझा नंबर टाका. मी टाकत होते. चष्मा सापडत नव्हता, म्हणून मोबाइल डोळ्याशी धरलेला. मधीच वरून काहीतरी अक्षरं घसरत आली. ह्या ॲपवर जाहिराती फार यायच्या. मी बोटानं उडवून लावलं. नंबर टाकला, दाबलं, आणि तिकडून दीर म्हणाला, "आलं वहिनी! दिसलं मला! दार दिसतंय..." मंग एकदम त्याचा आवाज बदलला. "वहिनी, दारात तर कुणीच न्हाई. आई कुठंय?"

मी बाहेर आले. दिवा होता, दार होतं, आत्याबाई नव्हत्या.

मी फोन हातात तसाच धरून बोळीतून पळाले. तिकडून तो "वहिनी, वहिनी" करत होता आणि मी "आत्याबाई" म्हणून ओरडत होते. रस्त्यावर अजून पुरता अंधार नव्हता, पण गाड्यांनी लाइट लावले होते, आणि त्या उजेडात माणूस दिसायच्या ऐवजी दिसेनासंच होतं. डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. ट्रकमागं ट्रक. चाचा टायर खोलत बसला होता.

"चाचा, आत्याबाई दिसल्या का?"

"नै भाबी. मैं इदर मुंडी डाल के बैठा था." तो उठलाच. "नहर की तरफ देखूँ?"

कॅनॉल! एकीकडं रस्ता, एकीकडं पाणी, आणि मी एकटी. कुठं पळू? मंग आठवलं, माझ्या हातात डोळा आहे की. दिराला म्हणाले, "फोन ठेव," आणि ॲप उघडलं. मागचं बघायचं कुठं दाबतात ते मला धड येत नव्हतं. बोटं घामानं घसरत होती. चक्र फिरायला लागलं. त्या चक्रासारखं वाईट मी आयुष्यात काही पाहिलं न्हाई. शेवटी चित्र आलं. आत्याबाई उंबऱ्यात उभ्या, कपाळावर हात आडवा धरून लांब बघतायत, खूप वेळ. तोंड हलतंय, कुणाला तरी हाक मारतायत. मंग उंबरा उतरून सरळ बोळीनं रस्त्याकडं. मघाशी जाहिरात समजून मी जे उडवून लावलं, ते हेच सांगत होतं.

"रस्ता! चाचा, रस्ता!"

समोर दुभाजकात कण्हेरी लावल्यात. एका गाडीचा झोत फिरला आणि त्या कण्हेरीत मला त्यांचं हिरवं लुगडं दिसलं. अर्धा रस्ता ओलांडून त्या मधी बसल्या होत्या. त्या बाजूनं गाड्या, ह्या बाजूनं गाड्या. हाक मारावी तर त्या उठून माझ्याकडं येणार, आणि उठल्या की संपलं. मी तोंडावर हात दाबून धरला. आवाज फुटू नये म्हणून स्वतःचंच तोंड दाबलं मी.

चाचानं ट्रकचा टायर उभा केला आणि गडगडवत सरळ रस्त्यात घेऊन गेला. वेडा माणूस! एक हात वर, एका हातात टायर. उसाचा ट्रॅक्टर ब्रेक मारून वाकडा झाला, मागच्यानं हॉर्न लावून धरला, कुणीतरी आईवरून शिवी घातली. चाचा हलला न्हाई. मी पळत मधी गेले आणि आत्याबाईंचं मनगट धरलं. तेव्हा कुठं मला श्वास आला, आणि श्वासासोबत असा राग आला की मी त्यांच्यावरच ओरडले, "कुठं निघाला होतात मरायला?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ओळख न्हाई. परक्या बाईला विचारावं तसं मला विचारलं, "माझी सून दिसली का व बाई तुम्हाला? पलीकडं रानात गेल्ती. अंधार पडून राह्यला, अजून आली न्हाई."

मी तोंड त्यांच्या तोंडाजवळ नेलं.

"मीच हाय ना आत्याबाई. मीच सून."

त्यांनी हात झटकला. "चल! माझी सून तरणी हाय. तू तर म्हातारी." आणि पुन्हा पलीकडं बघत म्हणाल्या, "तोंडानं लय फटकळ हाय ती. पण माझ्याबिगर जेवत न्हाई."

"ती मागच्या वाटेनं घरी पोचली," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? "चला, घरी वाट बघती तुमची." तेव्हा कुठं उठल्या. चाचानं टायर धरूनच ठेवला होता.

घरी येऊन त्यांनी स्वयंपाकघरात पाहिलं, मोरीत पाहिलं, मला ओलांडून पाहिलं. "कुठंय?" जेवल्या न्हाईत. विचारत विचारतच झोपल्या. मी त्यांच्या पायाशी बसून रडले. इतकी वर्षं मला वाटत होतं, ही बाई लक्ष्मीसाठी दार उघडं ठेवते. आणि ही उभी राहायची माझ्यासाठी. मी रानातून परत आले की दिसायची ती उंबऱ्यात, आणि मी मनात म्हणायचे, आली बघ पहारा द्यायला.

दीर दोन दिवस थांबला न्हाई. दुसऱ्या दिवशी दुपारीच गाडी दारात. हे मान खाली घालून बसले. दिरानं आत्याबाईंची लुगडी पिशवीत भरली. मी आडवी गेले न्हाई. भांडायला तोंडच राह्यलं नव्हतं. एवढंच म्हणाले, "दिवे लागेपर्यंत थांब. मंग ने."

"कशाला?"

"थांब म्हणते ना."

तो थांबला. ऊन उतरलं तशी मी ॲपमधली ती सूर्यास्ताची वेळ पुसून टाकली. मागच्या खोलीत गेले. ह्यांचा जुना फुल बाह्यांचा शर्ट साडीवर चढवला, रानात जाताना बाया घालतात तसा. डोक्याला रुमाल बांधला, पांढरे केस आत सारले. कोपऱ्यातला विळा घेतला. मागच्या दाराची वरची कडी काढून बाहेर पडले, दुकानाला वळसा घालून बोळीतून पुढच्या दाराशी येऊन उभी राहिले. न्हाई ओळखलं तर? ती गाडी माझ्या डोळ्यांसमोरून त्यांना घेऊन जाणार होती.

आतून आवाज येत होता. आत्याबाई उठल्या होत्या, दाराकडं निघाल्या होत्या, दीर त्यांना धरत होता. "आई, बस, कुठं निघालीस?"

"सोड रं. माझी सून रानात हाय. अंधार पडून राह्यला. सोड मला."

मी रुमाल पुढं ओढला.

मी दार ढकललं. भोंगा किंचाळला. बाहीनं तोंड पुसत, रोज यायचे तशी आत आले आणि भोंग्याच्या वर आवाज काढून म्हणाले, "आले हो आत्याबाई."

त्यांनी कान झाकले न्हाईत. माझ्याकडं पाहिलं, शर्टाकडं, रुमालाकडं, विळ्याकडं. मंग फणकाऱ्यानं म्हणाल्या, "किती उशीर गं? जीव टांगणीला लागला नुसता. जा, हातपाय धू."

दिरानं मोबाइल काढून भोंगा बंद केला. दुसऱ्या हातात गाडीची चावी होती.

मी विळा कोपऱ्यात ठेवला. आत्याबाई भिंतीला टेकून खाली बसल्या, पाय लांब केले, आणि जेवायला वाढ म्हणायच्या आधी त्यांनी दाराकडं बघून सांगितलं, "दार लावा रं आता. आली ती."

दिरानं उठून दार लावलं. मंग पिशवीतली लुगडी काढून त्यानं परत दांडीवर टाकली.